दर सोमवारी एक मूठ

मी एक जुनी चामड्याची थैली आहे, मित्रांनो. निजामाच्या अमलात मुधोळच्या चांभाराने मला म्हशीच्या कातड्यातून शिवलं आणि तालमीचे वस्ताद लक्ष्मणराव यांनी माझ्या पोटात गोदावरीची वाळू भरली. मला खांद्यावर घेऊन पहिलवान मारुतीच्या देवळाला फेऱ्या मारत. प्रदक्षिणा मलाही घडल्या. पुण्य मात्र उचलणाऱ्याच्या नावावर गेलं.

वस्ताद दर सोमवारी माझ्यात मूठभर वाळू वाढवत. शनिवारी मला कुणाला हात लावू देत नसत. शिष्य नागोरावाला म्हणत, "उचलताना दंडातले धागे तुटतात, बाबू. बसल्यावर ते सांधतात, अन् जाड होऊन सांधतात. शनिवार तेच्यासाठी."

ज्येष्ठात वस्ताद वारले. गावचा सारा वसूल करणारे माली पाटील नरसिंगराव तालमीत येऊन म्हणाले, "नागपंचमीले कोणी ही थैली घेऊन अकरा फेऱ्या मारल्या, तर तालीम राहीन. नाही तर इथं माही ज्वारी राहीन."

नागोरावाच्या सहाच फेऱ्या होत. घाईत त्याने शनिवारची सुटी बंद केली. फेऱ्या पाचावर आल्या.

आणि सोमवारी मी मूठभर जड झाले.

"काकू, तुमी वाळू टाकून राह्यल्या का?" त्याने वस्तादांच्या पत्नीला, जयवंताबाईंना विचारलं.

"मी काऊन टाकू? मले माहं दळण उरकत नाही!"

माझ्या तोंडाची शिवण शाबूत होती. आत कोणाचा हात आला, ते मी पाहिलं नाही. तो गार होता, एवढं सांगते.

शनिवारी भर दुपारी नागोराव मला उचलायला आला. मी हलले नाही. माझ्यावर कोणीतरी मांडी घालून बसलं होतं; कातडं दबलेलं तेवढं दिसत होतं. नागोरावाने ते पाहिलं, हात जोडले आणि घरी जाऊन झोपला. पुढचे सगळे शनिवार झोपला. पाचाच्या सात, साताच्या नऊ फेऱ्या झाल्या.

नागपंचमीला दहावी फेरी संपली आणि त्याला धाप लागली. त्याने मला खाली ठेवलं आणि शेजारी बसला.

"हरला!" पाटील ओरडले.

"काऊन?" जयवंताबाई म्हणाल्या. "अकरा फेऱ्या म्हणाले होते तुमी, पाटील. एका दमात म्हणाले होते का?"

गाव हसलं. नागोरावाचा श्वास हळूहळू जागेवर आला. त्याच्या पलीकडे आणखी एक श्वास जागेवर येत होता. तिथे कोणी बसलेलं नव्हतं. मग नागोरावाने मला उचललं आणि अकरावी फेरी पुरी केली. पाटलांची ज्वारी पाटलांच्याच घरी राहिली.

मित्रांनो, अंगाकडे दर आठवड्याला थोडं जास्त मागा, पण त्याची सुटी बुडवू नका. तुम्ही थांबला नाहीत, तर थांबवायला कोणीतरी येतं. येणारा दर वेळी ओळखीचाच असेल, असं नाही.