जिभेखालचं कार्ड

ऐन दुपारी, सगळं बसरा शहर झोपलेलं असताना, शेजारी कुणी अशी थाप मारत नाही. निब्रासच्या हातातलं तांदळाचं पातेलं तसंच राहिलं. बाहेर गाडीचं इंजिन चालूच होतं, म्हणजे आलेले लोक चहाला आले नव्हते.

तिने फ्रीजवरच्या डब्याकडे पाहिलं. साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा, त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. गल्लीतल्या बायकांचा ब्लॉग त्या डब्यावर चालायचा. दुसऱ्यांच्या साइटवर लिहिलं की कुणीतरी तक्रार करायचं आणि पान गायब व्हायचं, म्हणून निब्रासने हट्टाने स्वतःचा सर्व्हर मांडला होता. आपलं घर, आपला डबा, कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही, असं ती मोठ्या तोंडाने सांगत फिरली होती. बायका टोपणनावाने लिहायच्या. खरी नावं आणि फोन नंबर फक्त डब्यातल्या मेमरी कार्डात. काल उम्म हौराने घाणेरड्या पाण्यापायी गेलेल्या आपल्या मुलीबद्दल लिहिलं आणि रागाच्या भरात पाण्याच्या ठेकेदाराचं नावही लिहून टाकलं. त्या ठेकेदाराच्या पाठीशी बंदुका आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

कार्डाला कुलूप घालता येतं हे काय निब्रासला माहीत नव्हतं? घातलंही होतं. पण मग डबा सुरू होताना दर वेळी पासवर्ड मागायचा, आणि इथे वीज घटकेत सरकारची, घटकेत गल्लीतल्या जनरेटरची, मधल्या मधे डबा विझायचा. निब्रास दवाखान्यात कामावर, पासवर्ड टाकणार कोण? बायका फोन करकरून डोकं खायच्या. शेवटी वैतागून तिने कुलूपच काढून टाकलं. डबा आपला आपण उठायला लागला तेव्हा सगळ्यांनी काय कौतुक केलं तिचं! आता मात्र कार्ड ज्याच्या हाती लागेल त्याला सगळी नावं वाचता येणार होती.

सबीहा मावशी दाराकडे धावली आणि त्याला पाठ लावून ओरडली, "थांबा रे! घरात बायका उघड्या डोक्याने आहेत. तुम्हाला आयाबहिणी नाहीत का?"

पावलं मागे सरली. तेवढी लाज त्या मेल्यांना अजून होती.

"घ्या डोक्यावर, हाजीणबाई," बाहेरून एक जण म्हणाला. "पण लवकर. झडतीला आम्ही बाई आणलीय."

निब्रासने डब्यातलं कार्ड खेचून काढलं. नखाएवढं. कुठे लपवू? तांदळात? बेसिनमध्ये? घाईत ते निसटून जमिनीवर पडलं. कडी निघाल्याचा आवाज आला तसं तिने ते उचलून सरळ तोंडात, जिभेखाली टाकलं.

आत आलेल्या बाईने तिच्या बाह्या, कंबर, केस, सगळं चाचपलं. मग फ्रीजकडे बोट केलं. "हे काय आहे?"

निब्रासने नुसती मान हलवली.

"मुकी आहे का ही?"

"दाढ काढलीय तिची," मावशी म्हणाली. "सकाळपासून तोंडात कापूस धरून बसलीय. तेवढीच माझ्या कानांना विश्रांती."

"कुठली दाढ? उघड तोंड."

उम्म हौराच्या घरात अजून दोन मुली होत्या. त्यांच्या दारावर अशीच थाप पडेल, मग पलीकडच्या दारावर, मग त्याच्या पलीकडच्या. ती घाबरली होती, मरणाची घाबरली होती. तिने दाढांमध्ये कार्ड धरलं आणि जीव खाऊन चावलं. कट् झालं. एक तुकडा जिभेत घुसला. ती सगळं गिळून मोकळी झाली आणि तिने तोंड उघडलं.

"शी!" रक्त पाहून बाईने तोंड फिरवलं. "मीट ते."

रिकामा डबा त्यांनी नेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला तेव्हा निब्रास खाली जमिनीवर बसली.

"सुटल्या सगळ्या, मावशी. कुणाचंच नाव मिळणार नाही त्यांना."

मावशीने तिला चूळ भरायला पाणी दिलं. "म्हणजे आतलं सगळंच गेलं?"

"सगळं."

"दुसरीकडे कुठे ठेवलं असशील की."

"भीतीने नाही ठेवलं गं."

आपल्या नवऱ्याला, काझिम काकांना, उचलून नेलं तो दिवस मावशीने गेल्या शुक्रवारी याच स्वयंपाकघरात सांगितला होता आणि निब्रासने तो टाइप करून त्याच कार्डात ठेवला होता. ब्लॉगवर टाकायचा धीर अजून दोघींनाही झाला नव्हता. त्याआधी इतक्या वर्षांत मावशीने तो दिवस कुणापुढे काढला नव्हता, सख्ख्या बहिणीपुढेही नाही.

"परत सांग ना," निब्रास म्हणाली. जीभ सुजून जड झाली होती. "दुसरा डबा आणू आपण."

"नाही जमायचं, पोरी. तेव्हाच कसंबसं निघालं तोंडातून." मावशी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "तू लिहिलंस ना? मग तू सांग. मी ऐकते."

निब्रासला दरदरून घाम फुटला. झडतीवाली बाई समोर असताना फुटला नव्हता एवढा. काही विसरलं असलं तर? तिने रक्ताचा घोट गिळला आणि सुरुवात केली.

"काका तेव्हा दाढी करत होते."

"अर्धी झाली होती," मावशी म्हणाली.