दुनळीसाठी दोन साक्षीदार

वडील, अनंतरावअण्णा, गेल्यावर मळा, घर, विहीर यांचं बहीणभावांत सगळं गोडीने झालं. अडलं ते फक्त बंदुकीपाशी. बारा बोअरची दुनळी. निफाडजवळच्या मळ्यात रानडुकरं आणि बिबटे येतात म्हणून त्यांनी तरुणपणी परवाना काढून घेतलेली. ते गेल्यावर नियमाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात जमा झाली, आणि धाकट्या यशोधनने दोह्याला नयनाला फोन लावला.

"ताई, वारस आपण दोघंच. परवाना माझ्या नावावर करायला तुझं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतंय. तिथे आपल्या वकिलातीत दोन साक्षीदार घेऊन जायचं, अधिकाऱ्यासमोर सही करायची, शिक्का घेऊन पाठवून द्यायचं. एवढंच."

नयनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाठवते म्हणाली आणि कामाला लागली. ती दोह्याशेजारी लुसैलमध्ये एका बांधकाम कंपनीत इंजिनियर होती. फुटबॉलचा वर्ल्ड कप वर्षाअखेरीला होणार होता, ऑफिसात जो तो अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करत धावत होता. आठवडा असाच गेला.

यशोधनचे फोन मात्र वाढत गेले. आधी म्हणाला, उसात बिबट्या दिसला. मग म्हणाला, शेजारचा बांध कोरतोय. एकदा म्हणाला, "माणसाच्या घरात वचक पाहिजे, ताई. अण्णा होते तेव्हा होता." कोणावर वचक, ते नयनाने विचारलं नाही. पण फोन ठेवल्यावर तिला जरा अस्वस्थ वाटलं.

पुढचा फोन व्हिडिओवर आला. तो गच्चीत उभा होता. मागे चादरीवर उडदाचे पापड वाळत घातलेले, आणि त्याच चादरीच्या एका कडेला लाल-लाल काहीतरी ओळीने मांडलेलं.

"ते काय आहे रे?"

"काडतुसं. दमट झालीत. ऊन देतोय."

"ती जमा नाही केलीस?"

"ती कोणी मागितली?" तो हसला.

त्याची बायको नीलांबरी पापड उलटायला वाकली होती. काडतुसांना धक्का लागू नये म्हणून ती इतकी जपून पाय टाकत होती, की नयनाचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच राहिलं नाही. तिने हाक मारली, तर नीलांबरीने वर न बघता मान हलवली आणि पापडच उलटत राहिली.

"काही तरी बिनसलंय," नयना रात्री जेवताना कैवल्यला म्हणाली.

"तुझे बाबा जाऊन चार महिने झाले नाहीत. सावरेल," नवरा म्हणाला. "कागद पाठव आणि मोकळी हो. प्रतापला विचारलंय मी साक्षीदार म्हणून."

प्रताप कैवल्यचा ऑफिसातला मित्र. दुसरी साक्षीदार मिळाली ती अल मुंतझातल्या त्यांच्याच इमारतीत खाली राहणारी हजरा. मूळची खेडची, इथे इस्पितळात अपघात विभागात नर्स. ठरलेल्या सकाळी तिघं आपापले पासपोर्ट आणि त्यांच्या झेरॉक्स घेऊन वकिलातीत पोहोचली. हॉल माणसांनी भरला होता. प्रताप म्हणाला, "वहिनी, घरासाठी, जमिनीसाठी साक्ष दिलीये मी. बंदुकीसाठी पहिल्यांदाच." नयना कसनुसं हसली.

नंबर यायच्या आधीच यशोधनचा फोन आला. "झालं का?"

"रांगेत आहे."

"थांब, हिच्याशी बोल."

नीलांबरी फोनवर आली. "ताई, सही करून टाका ना. मग हे शांत होतील."

"नीलांबरी, तू कशी आहेस?"

"ताई, सही करून टाका ना. मग हे शांत होतील."

तेच शब्द, त्याच सुरात. मागे यशोधनचा श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

हजरा शेजारीच बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती हलकेच म्हणाली, "नयना, अशा आवाजाच्या बाया आमच्याकडे येतात. जिन्यावरून पडले म्हणतात. नवरा शेजारी उभा असतो."

नंबर पुकारला गेला. काउंटरमागच्या अधिकाऱ्याने कागद चाळले, साक्षीदारांचे चेहरे पासपोर्टशी ताडून पाहिले आणि रोज विचारायचं ते हिंदीत विचारलं, "आप अपनी मर्ज़ी से कर रही हैं ना?"

नयनाने पेन उचललं होतं. तिला अण्णांच्या गच्चीतली ती चादर दिसत राहिली.

"नहीं," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने वर पाहिलं. "नहीं?"

"नहीं. मर्ज़ी नहीं है."

त्याने कागद शांतपणे तिच्याकडे सरकवला. "फिर साइन मत कीजिए, मैडम." आणि पुढचा नंबर पुकारला.

गाडीत बसल्याबसल्या तिने येवल्याला संपतला फोन लावला. संपत नीलांबरीचा सख्खा भाऊ. आई आजारी आहे असं सांगून तो त्याच दुपारी बहिणीला माहेरी घेऊन आला. यशोधनला अजून वकिलातीतलं कळलं नव्हतं, म्हणूनच त्याने तिला जाऊ दिलं.

संध्याकाळी नीलांबरीचा फोन आला. बराच वेळ ती नुसती रडत होती. मग म्हणाली, "बंदूक यायची होती ना अजून, म्हणून छत्री घ्यायचे. मला गोठ्याच्या भिंतीला उभं करायचे आणि नेम धरायचे. हलले तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणायचे, हात बसवतोय."

लहानपणी पतंगाला ढील द्यायला तिच्यामागे धावणारा यशू तो. त्याच्याबद्दल हे ऐकताना तिला लाजही वाटली आणि भीतीही.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा वकिलातीत गेली. साक्षीदार तेच, कागद वेगळा: बंदूक भावाच्या ताब्यात द्यायला माझी हरकत आहे, तो बायकोच्या जिवावर उठलाय आणि घरात काडतुसं आहेत. प्रतापने या वेळी कागद वाचूनच सही केली. तो कागद पोहोचल्यावर पोलिसांनी काडतुसं नेली. परवान्याचा अर्ज लोंबकळत पडला.

यशोधन चिडला नाही, ओरडला नाही. तो रोज सकाळी येवल्याला जायचा, संपतच्या घरासमोरच्या पारावर दिवसभर बसायचा आणि अंधार पडला की परत जायचा. पोलीस आले की म्हणायचा, पारावर बसायला बंदी आहे का? शेवटी हजराने तोडगा काढला. नीलांबरी गुपचूप खेडला हजराच्या बहिणीकडे गेली, तिथे शिवणकामाला लागली. तो पत्ता नयना, हजरा आणि संपत सोडून कोणालाच माहीत नव्हता.

मग सप्टेंबरात यशोधनचा मेसेज आला. वर्ल्ड कपसाठी हजारोंनी सिक्युरिटी गार्ड भरती होत होते. "ताई, मलाही मिळालं. उम्म सलाल मोहम्मदला कॅम्प आहे. तुझ्या जवळच आलो."

नयनाने उत्तर दिलं नाही. पण एका सकाळी लुसैलमध्ये स्टेडियमची चाचणी म्हणून ऑफिसकडे जाणाऱ्या वाटेवर अडसर लावलेले, बॅगा तपासून माणसं सोडत होते. टेबलामागे पिवळ्या जाकिटात यशोधन उभा होता. वाळला होता. दाढी नीट केलेली.

"बॅग," तो म्हणाला. जणू ओळखच नाही.

तिने बॅग ठेवली. त्याने डबा काढला, पाण्याची बाटली काढली, सावकाश टेबलावर मांडली. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"नीलांबरी कुठाय, ताई?"

"मला माहितीये. सांगणार नाही."

मागची माणसं खोळंबली. सुपरवायझर लांबून ओरडला, "यल्ला, यल्ला!"

नयनाने हात पुढे केला. त्याने किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या. अगदी हळू, त्या वाजूही न देता.

"डिसेंबरात कंत्राट संपतंय," तो म्हणाला. "मग गावी मी मोकळाच आहे. शोधीन."

ऑफिसच्या जिन्यात बसून तिने कैवल्यला फोनवर सगळं सांगितलं. त्याने दुपारीच दाराचं कुलूप बदलून घेतलं.

"आपण इथल्या पोलिसांकडे जाऊ," संध्याकाळी तो म्हणाला.

"जाऊच. पण काय सांगणार? बॅग तपासली म्हणून?" नयना लॅपटॉपवर तिकिटं बघत होती. "तो इथे अडकलाय तोवर मला तिकडे जायचंय. नीलांबरीची फिर्याद नोंदवायची, कोर्टाकडून तिला संरक्षण मिळवायचं. तो उतरायच्या आत हे सगळं झालं पाहिजे."

"सगळं जग दोह्याला येतंय, आणि तू निघालीस."

"हो," ती म्हणाली, आणि मुंबईच्या पहिल्या विमानाचं तिकीट काढलं.