डाव्या पायातलं पैंजण

रेणुकादासबुवांच्या कीर्तनाला मी बावीस वर्षं पेटीवर आहे. बुवा उभे राहिले, कपाळाला बुक्का लागला, नमनाचा पहिला सूर निघाला की माझे दुखरे गुडघे मला आठवत नाहीत. एवढं सुख देवानं त्या दोन तासांत घालून ठेवलंय.

पण गेल्या वर्षापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. बुवांनी वरचा सा लावला की बेंबीतून आवळ्याएवढी गाठ बाहेर डोकवायची. मग बुवा एका हातानं चिपळ्या वाजवायचे आणि दुसऱ्या हातानं आवळा आत दाबून धरायचे. समोरच्या बायकांना वाटायचं, बुवांना उमाळा आला. त्या डोळे पुसायच्या.

तो हर्निया निघाला. आत जाळी बसवल्याशिवाय गायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दोन महिन्यांवर मुरुडचा सप्ताह आणि समाप्तीचं कीर्तन बुवांचं. चुकलं असतं तर तीस वर्षांत पहिल्यांदा.

"ऑपरेशन करायचं तर श्रीनाथच्याच हातानं," बुवा म्हणाले.

त्याला कारण होतं. डॉक्टर श्रीनाथनी नांदेडला असताना बुवांच्या बायकोची, चंद्रप्रभाकाकूंची, पित्ताची पिशवी रोबोटनं काढली होती. चौथ्या दिवशी काकू धिरडी घालत होत्या. तिथल्या मशीनवर डॉक्टरांची तीनशे ऑपरेशनं झालेली. आता ते लातूरच्या नव्या दवाखान्यात आले होते. इथंही रोबोट होता, पण दुसऱ्या कंपनीचा.

शुक्रवारी तपासण्यांसाठी बुवांना घेऊन मी आणि काकू गेलो. डॉक्टर श्रीनाथ भेटले ते तोंड पाडूनच.

"बुवा, तुमच्याशी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. "चला, दाखवतोच."

आतल्या खोलीत सरावाचं मशीन होतं. पेशंट नाही, पडद्यावर नुसती चित्रातली आतडी. कंपनीकडून शिकवायला आलेली देविका नावाची मुलगी वही घेऊन बसली होती. डॉक्टर खुर्चीवर बसले, दोन्ही मुठी धरल्या. पडद्यावरच्या चिमट्यांनी असा सुरेख टाका घातला की काकूंच्या तोंडून "बाई गं!" निघालं. मग डॉक्टरांना जरा डावीकडं बघायचं होतं. त्यांचा डावा पाय खाली गेला आणि पडद्यावर भस्सकन धूर निघाला.

"आतडं भाजलं," देविकानं वहीत रेघ मारली. "आजचं सातवं."

बुवांनी नकळत पोटावर उपरणं ओढलं.

"काय होऊन राहिलंय डॉक्टर?" मी विचारलं.

"अहो शंकरप्पा, नांदेडच्या मशीनला डावा पाय दाबला की कॅमेरा फिरतो. इथं कॅमेऱ्याचं बटण हाताच्या बोटाशी दिलंय, आणि डाव्या पायाखाली रक्त थांबवायला जाळतात ते बटण. मला माहीत आहे. पायाला कोण सांगणार?"

"सरांचं बाकी सगळं इकडं आलंय हो," देविका म्हणाली. "नजर आली, हात आला, कुठं थांबायचं ते आलं. टाक्याला तर मी शंभरातले सत्त्याण्णव दिले. पाय तेवढा नांदेडलाच राहिलाय. उद्या संध्याकाळपर्यंत एकदाही न भाजता सगळे धडे झाले तरच मी सही करणार. नाही तर सोमवारी हैदराबादचे सर्जन येतील."

"हैदराबादचे येऊ देत," बुवा म्हणाले. "मी नाही येणार. बेंबी धरून गाईन."

"गाल की! आणि कीर्तनात आतडं बाहेर आलं म्हणजे?" काकू कडाडल्या. "लोक आरतीच्या ताटात काय टाकतील, पैसे का टाके?"

बुवांची नजर माझ्याकडं वळली आणि मला पुढचं कळलं.

"बुवा, नका हो," मी म्हटलं.

"सांगतोस का मी सांगू?"

मग सांगावंच लागलं. आमच्या देवळात आधी पायपेटी होती. दोन्ही पायांनी भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायचं. उंदरांनी तिचा भाता खाल्ला आणि देवळानं हातपेटी आणली. म्हणजे पायाचं काम आलं डाव्या हाताकडं. बोटांना काही अडचण नव्हती, सूर तेच. पण पाय ऐकेना! आख्यानात राणी वनवासाला निघालीय, सगळा मंडप रडून राहिलाय, आणि गादीवर माझा पाय धप, धप, धप. लोक हसायला लागले. बुवांनी महिनाभर सोसलं.

"मग गेलं कसं?" डॉक्टर पुढं सरकले.

"आमच्या नीलम्मानं नातीचं पैंजण पायात बांधलं. पाय आपला चालायचा, मला पत्ताच नसायचा. पैंजण वाजलं की कळायचं. आठ दिवसांत सुटलं."

देविका हसली नाही. तिनं वही मिटली. "आणा," म्हणाली.

पुनमचं पैंजण तासाभरात आलं. नात रडली, तिला जिलेबी कबूल करावी लागली. तीनशे ऑपरेशनं केलेल्या डॉक्टरांनी मोज्यावर पैंजण बांधलं आणि सरावाला बसले. नुसता पाय उचलला की छुम. हात मधेच थांबायचा, पाय मागं यायचा, मग बोट बटण शोधायचं. उरलेला शुक्रवार दवाखान्यात छुमछुम चालली होती. वॉर्डातल्या एका म्हातारबाईनं विचारलं म्हणे, इथं कुणाचं बाळ चालायला लागलंय? शनिवारी दुपारी छुम कमी झाली. संध्याकाळी देविकानं सही केली.

सोमवारी बुवांना आत नेताना आरती सिस्टर म्हणाली, "सर, थिएटरमध्ये दागिना चालत नाही."

"मी लांब कोपऱ्यात बसणार, पेशंटला हातही लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. "स्पिरिटनं पुसून दे."

बुवांनी स्ट्रेचरवरून मान उचलली. "बांधलंस का?"

डॉक्टरांनी पँट वर करून दाखवलं. बुवांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

आम्ही बाहेर नामस्मरण करत बसलो. माझा कान दाराशी. दोन तासांनी सिस्टर आली.

"किती वेळा वाजलं?" मी आधी तेच विचारलं.

"एकदा. पाय नुसता उचलला होता, दाबला नाही."

मुरुडच्या समाप्तीला मंडप भरला होता. बुवा वरच्या 'सा'वर गेले आणि माझी नजर सूर सोडून त्यांच्या बेंबीवर. काही नाही! दोन्ही हात मोकळे, स्वर आभाळाला लागलेला. विठ्ठला, तुझी कृपा. मला पेटीवरच रडू आलं.

प्रसादाच्या वेळी डॉक्टर श्रीनाथ माझ्याजवळ आले. मला वाटलं, पैंजण परत द्यायला. पुनम हात पुढं करून उभीच होती.

"शंकरप्पा, एक भानगड झालीय," ते कानात म्हणाले. "महिन्यातून एकदा मी अजून नांदेडला जातो. गुरुवारी जुन्या मशीनवर सरावाला बसलो. कॅमेरा फिरवायचाय, आणि पाय हलेचना!"

मी पुनमचा हात हळूच खाली केला.

"पैंजण राहू द्या," मी म्हटलं. "तिकडं बसल्यावर मात्र वाजलं नाही तर घाबरायचं."