अकरा नंबरचा उंदीर

शांत घरात कपड्यांचं मशीन टुंटुं करून थांबलं. पलंगावर लेक आडवीतिडवी झोपली होती, तिने नुसती कूस बदलली. आई मात्र जागची हलली नाही. लॅपटॉपवर अकरा नंबरच्या उंदराचं पोट लखलखत होतं, आणि अकरा नंबरला तिने रंग टोचलाच नव्हता.

तो रंग लेकीपेक्षा वर्षाने मोठा. बाटलीत बघाल तर फिक्या चहाचं पाणी. पण साधा उजेड कातडीतच अडतो आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड मांसात खोल शिरतो. तो उजेड पिऊन हा रंग आतून चमकणार आणि दडलेली गाठ कॅमेऱ्याला दाखवणार होता. अणूंची साखळी एकेका दुव्याने लांबवत, पाण्यात मोडणारी टोकं सावरत तिने तो सहा वर्षं घडवला होता, लेकीला मांडीवर घेऊन पाजतानासुद्धा. दहा उंदरांची पोटं चमकलेली बघून प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, खुर्चीतून उठले होते. "जिंकलीस, पोरी!" अकरावा नुसतं मिठाचं पाणी टोचलेला, तुलनेपुरता. त्याचं चित्र उघडायची घाई कुणालाच नव्हती. तिलाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट उंदरांच्या खोलीत गेली. वीस वर्षं त्यांचं खाणंपिणं बघणाऱ्या मावशी पिंजरे पुसत होत्या.

"मावशी, ह्यांना खायला काय घालता?"

"काय म्हणजे? ह्या हिरव्या गोळ्या. तुझ्या उंदरांसाठी वेगळा स्वयंपाक करू का?"

"कशाच्या असतात?"

"वाळल्या पाल्याच्या."

तिने कपाळावर हात मारून घेतला. पाल्यातलं हरितद्रव्य! तेही त्याच उजेडात चमकतं. "एक द्या मला."

"खाणार आहेस?"

"फोटो काढणार आहे."

"रात्री झोपलीस ना नीट?" असं म्हणत मावशींनी गोळी हातावर ठेवली.

तिने सरांना बोलावलं आणि कॅमेऱ्याखाली ती गोळी ठेवली. पडद्यावर लख्ख ठिपका उमटला.

"सर, हिला कुणी टोचलं होतं?"

सरांनी दार लोटून घेतलं. "लेख परवा छापायला जातोय. अकरावा उंदीर आपल्याकडे नव्हताच, असं समज."

"दोन आठवडे द्या मला. पाला नसलेलं खाणं घालू, पुन्हा बघू. माझा रंग चमकत असेलही त्या झगमगाटाखाली."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर नसेल."

"अगं, सहा वर्षं! हट्टापायी पाण्यात घालवशील. लेकीचा तरी विचार कर."

इथवर तिचा आवाज खाली होता. आता तो चढला. "तिचाच करतेय. उद्या कुणी डॉक्टर ह्या चित्रावर भरवसा ठेवून कुणाच्या तरी लेकीच्या पोटात गाठ शोधायला जाईल, आणि त्याला सापडेल तिचं दुपारचं जेवण!"

"मग लेखावर तुझं नाव नसेल."

"नकोच. पण अकरावा कागदावर राहील."

प्रयोगशाळेच्या वहीला पानापानावर आकडे छापलेले होते, एकही पान गुपचूप फाडता येत नसे. तिने शाईच्या पेनने लिहिलं : उंदीर अकरा. रंग टोचलेला नाही. पोट चमकतं. खाण्याची गोळीही चमकते. खाली सही केली आणि दार उघडून हाक मारली, "मावशी, काय खायला घातलंत ते इथे लिहा, सही करा."

"मावशी, विचार करून करा हं," सर म्हणाले.

मावशींनी हातमोजा काढला. "त्यात विचार कसला? घातलं ते घातलं." आणि एकेक अक्षर कोरत त्यांनी सही केली.

"उद्यापासून येऊ नकोस," सर तिला म्हणाले.

तिने पांढरा कोट खुंटीला अडकवला. निघता निघता परत फिरली. रंगाच्या बाटलीवरचा चंदेरी कागद एका बाजूने फाटला होता. उजेड लागला की तो रंग मरतो. तिने नवा कागद गुंडाळला, कडा बोटांनी दाबून बसवल्या, वर स्वतःचं नाव लिहिलं आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली. मान खाली न घालता सगळ्या टेबलांसमोरून चालत बाहेर पडली.

शाळेच्या फाटकाशी लेक धावत आली. "आज तू आलीस? एवढ्या लवकर?"

"भांडून आले."

"कुणाशी?"

"सरांशी."

"मोठ्ठ्याने?"

"चांगलं मोठ्ठ्याने. ते चमकणारं चित्र होतं ना, ते खोटं निघालं. उंदरांनी पाला खाल्ला होता, तो चमकत होता."

लेक खुदकन हसली. मग चालता चालता थांबली. आईचा हात तिने दोन्ही हातांनी धरून खाली ओढला आणि तिच्या तोंडाकडे बघत विचारलं,

"आणि तुझा रंग? तो चमकतो का गं?"