पैकीच्या पैकी गुण

डायलिसिस केंद्रातून सकाळीच फोन आला, "आमचं मशीन बिघडलंय, आजींना आज आणू नका." आता आली का पंचाईत! आईचे पाय सुजलेले, दोन पावलं टाकली की दम लागायचा. उद्यावर ढकलणं शक्यच नव्हतं.

लेक मात्र गडबडली नाही. सरकारी माहिती लोकांसाठी खुली ठेवणारं जे संकेतस्थळ आहे, त्यावर माहिती भरणाऱ्या केंद्रांना गुण देणं हेच तर तिचं काम. तिनं मोबाइलवर पाहिलं. जवळच्या सरकारी केंद्रापुढे हिरवी खूण होती, म्हणजे मशीन चालू. "आमच्याच ऑफिसनं तपासलेली माहिती आहे, निर्धास्त राहा," असं म्हणत तिनं आईला टॅक्सीत बसवलं.

केंद्रात मशीनवर चादर होती आणि चादरीवर धूळ.

"हे कधीचंच बंद आहे, ताई," तंत्रज्ञ म्हणाला.

"मग साइटवर चालू कसं?"

"दर महिन्याला माहिती भरावी लागते ना. मागच्या महिन्याचीच परत भरतो. बंद लिहिलं तर वरून शंभर प्रश्न. वेळेवर भरलं की पैकीच्या पैकी गुण."

ते गुण देणारी बाई समोरच उभी आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किती ठिकाणी फोन केले, कुणाकुणाची मनधरणी केली, तेव्हा कुठे शहराच्या दुसऱ्या टोकाला संध्याकाळची वेळ मिळाली. तिथल्या बाकावर आई धापा टाकत बसली होती.

"इतकी वर्षं तू नक्की काय तपासतेस गं?"

"माहिती वेळेवर आली का, सगळे रकाने भरलेत का..."

"आणि ती खरी आहे का?"

"ते आमच्या कामात येत नाही, आई."

आईनं आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. आता रागवायचंही त्राण नव्हतं. "हजेरी घेताना मी मान वर करून बघायचे. 'हजर' काय, कुणीही ओरडतं. आज तू होतीस म्हणून दुसरीकडे जागा मिळाली. ज्याच्यासाठी फोन करणारं कुणी नाही, त्यानं काय करायचं?"



दुसऱ्या दिवशी ती जड डोळ्यांनी ऑफिसात गेली. वार्षिक अहवाल सहीला तयार होता, शेरा 'उत्कृष्ट'. तिनं तो साहेबांपुढून उचलला.

"प्रत्येक केंद्राला फोन करून खात्री केल्याशिवाय मी गुण देणार नाही."

"अहो, अशानं आपली यंत्रणाच नापास होईल. वरच्यांना काय तोंड दाखवू?"

"होऊ द्या नापास. काल आईला घेऊन मी त्या बंद मशीनपुढे उभी होते, साहेब. मला आईलाच तोंड दाखवता येईना."

 साहेबांनी फोन तिच्याकडे सरकवला.

मंडळी, माहिती खुली झाली एवढ्यावर आपण समाधान मानतो. ती खरी आहे का, हे विचारायचा कंटाळा करतो. पण तिच्यावर विसंबून कुणीतरी आपलं आजारी माणूस घेऊन घराबाहेर पडलेलं असतं. त्या माहितीची किंमत त्या माणसाच्या जिवाएवढी असते.