मौनाचा टप्पा

यात्रेचा नियम असा, की कड्यावरच्या लाकडी क्रूसापासून पुढच्या चर्चपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. सासूबाईंना हा नियम मनापासून आवडला होता.

"तेवढाच माझ्या कानांना आराम," क्रूसापाशी त्या म्हणाल्या.

सकाळपासून सुनेचं एकच चाललं होतं. आई, टोपी सरकली का? आई, तिला वारा लागतोय का? आई, गाठ बघा. आठ महिन्यांची लेक आजीच्या छातीशी बांधलेल्या झोळीत गाढ झोपली होती. झोप उडाली होती ती सुनेचीच.

बुटात खडा गेला म्हणून सून वाटेत बसली. सासूबाईंना तिने हातानेच 'व्हा पुढे' म्हणून खुणावलं. बूट झटकून, नाडी बांधून मान वर करते तो समुद्रावरून धुकं चढून आलेलं. वाट दोन पावलांवर पुसली गेली होती. डावीकडे, खोल खाली, लाटा खडकांवर आपटत होत्या आणि वाटेला कठडा नव्हता.

कुठला नियम नि कुठलं काय! "आई!"

ती धडपडत उठली.

"आई, कुठे आहात?"

पुढे एवढी माणसं चालत होती, पण तोंड उघडायचं नाही म्हणून सगळीच चिडीचूप. सासूबाईंचा गुडघा मुळात कुरकुरणारा. पाय घसरला असेल तर? गवताची कड चाचपत ती जवळजवळ रांगतच निघाली.

"आई, ओ द्या ना हो!"

तेवढ्यात अगदी जवळून लेकीने भोकाड पसरलं. तिने कसलंच मौन घेतलं नव्हतं.

आवाजाच्या रोखाने सून धावली. सासूबाई कड्यापासून दूर, दगडी बांधाला टेकून तिचीच वाट बघत उभ्या होत्या. तिने लेकीचे हात, पाय, गाल चाचपले. सगळं जागच्या जागी.

"ओ का नाही दिलीत? जीव गेला होता माझा!"

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले, वर पाहिलं आणि शेवटी हार मानली. "अगं, मला वाटलं, टोपीचंच विचारतेयस!"

सून हसायला लागली आणि हसता हसता रडायला. सासूबाईंनी रुमाल काढून आधी नातीचं नाक पुसलं, मग तिचं.

"मोडलं ते मोडलं. प्रभू समजून घेईल. आता मी बोलत राहते, तू माझ्या आवाजामागून ये."

आणि त्या सुटल्याच. गुडघा, शेजारीण, लेकाचं घोरणं. धुक्यातून कुणीतरी "शूऽऽ" केलं, तसा सासूबाईंनी आवाज आणखी चढवला.