पाइपवरून फिरवलेला अंगठा

मेहुण्याने केबल कापायचा, तेलाच्या दाबावर चालणारा कटर पंपासकट मिस्त्रीच्या टेबलावर आदळला. "दाजी, तुमचं हे लाडकं लेकरू दम धरत नाही. जाड केबल अर्धी कापली की पातं माघार घेतं."

"आदळू नकोस. पात्याचा टवका उडाला तर तुला दातांनी कापायला लावीन."

मेहुणा हसला. केबल जोडणाऱ्यांच्या टोळीत त्याच्याइतका सफाईदार हात कुणाचा नव्हता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मिस्त्रीने पंपाची टाकी उघडली. तेल पुरेसं होतं. म्हणजे गळती पंपापासून कटरपर्यंतच्या पाइपात. गळती शोधायचा पुठ्ठा काढायला तो खणाकडे वळला, तोच मागे पंपाचा दांडा वाजला. खट, खट, खट.

"अरे, थांब!"

मेहुण्याचा उजवा अंगठा पाइपवरून फिरलाही होता. "सापडली बघा, इथे... आई गं! टोचलं काहीतरी."

अंगठ्याच्या पेरावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. रक्तसुद्धा धड आलं नव्हतं.

"यापेक्षा डास बरा," म्हणत त्याने अंगठा पँटला पुसला.

मिस्त्रीने पंपातला दाब सोडला. "चल दवाखान्यात."

"डोकं फिरलंय का दाजी? एवढ्याशाला दवाखाना? टोळी वर्षभर हसेल. संध्याकाळी बघू."

मिस्त्रीची बायको छातीत दुखायचं तेव्हा असंच 'बघू' म्हणायची आणि तो मान डोलवायचा. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याने मेहुण्याची बाही धरली.

"आत तेल गेलंय, गाढवा. गाडीच्या टायरात असतो त्याच्या तीनशेपट दाबाने. ते आतल्या आत मांस कुजवतं. दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो."

"मग अंगठा फिरवायला शिकवलंत कशाला?"

खरं होतं. बारा वर्षांपूर्वी त्यानेच शिकवलं होतं. पाइप बोटाशी बोलतो, असं तो मिशीवर ताव देऊन सांगायचा. इतक्या वर्षांत कुणाला काही झालं नव्हतं. गेल्या वर्षी त्याला दोन दिवस शिकायला पाठवलं, तिथे एका माणसाच्या कापलेल्या हाताचा फोटो दाखवला. गळती पुठ्ठ्याने शोधायची, हाताने कधीच नाही. परत येऊन त्याने पुठ्ठा कापून ठेवला. टोळीला सोमवारी सांगायचं ठरवलं. रविवारी बायकोला दवाखान्यात ठेवावं लागलं. नंतर सांगणं राहून गेलं. विसरला नव्हता. रोज आठवायचं, पण तोंड उघडावंसंच वाटायचं नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने मलम लावून चिठ्ठी लिहायला घेतली. मिस्त्री टेबलासमोरून हलेना.

"पट्टी नको. तेल आत गेलंय, तेवढं लिहा आणि मोठ्या डॉक्टरांना बोलवा. नाहीतर मी इथेच उभा आहे."

तोवर अंगठा मेणबत्तीसारखा पांढरा आणि ताठ झाला होता. मेहुण्याच्या थट्टा केव्हाच बंद झाल्या होत्या.

मोठे डॉक्टर तीन तासांनी ऑपरेशन करून बाहेर आले. "हात वाचला. अंगठा काढावा लागला."

मेहुण्याची बायको कामावरून धावत आली होती. तिने मिस्त्रीचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून, दाजी. नाहीतर हा कुणाचं ऐकतो?"

मिस्त्रीला गप्प राहता आलं असतं.

"अंगठा फिरवायला मीच शिकवलं होतं," तो म्हणाला. "ते चूक आहे हे मला वर्षापूर्वी कळलं. मी कुणालाच सांगितलं नाही."

तिने हात सोडले. बाकावर बसली. 

"त्याला माहीत आहे?"

"शिकवल्याचं माहीत आहे. मला कळलं होतं, ते नाही."

"मग शुद्धीवर आला की तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. आणि त्या बाकीच्यांना फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

मिस्त्रीने खिशातून फोन काढला आणि टोळीतल्या पहिल्या माणसाचा नंबर लावला.